आधी पायतण काढ

नांदेडला बदली झाली तेव्हा भाड्याचं घर बघायला मी एकटाच आलो होतो. कुणीतरी दिलेल्या पत्त्यावर पोचलो, तर फाटकातून दिसलं ते असं : भिंतीला शिडी लावलेली, शिडीवर साठी कधीच ओलांडलेल्या एक बाई, पदर कमरेला खोचलेला, हातात पाना, आणि टाकीच्या नळातून त्यांच्या कोपरावर पाण्याची बारीक धार. मी खालून अदबीनं विचारलं,

"मालक आहेत का घरी?"

"कोणते मालक?" वरून आवाज आला. "घराचे का माझे?"

मी हायस्कुलात मराठी शिकवतो. एका शब्दाचे दोन अर्थ लिहा, हा प्रश्न मी दर परीक्षेत घालतो. त्या दिवशी मात्र माझ्या तोंडून निघून गेलं, "दोन्ही."

"माझे मालक वारले. घराचे मालक शिडीवर हायत. खाली उभं राहून काय बघून राहिलात? शिडी धरा."

मी शिडी धरली. नळ गळायचा थांबेपर्यंत निम्मं पाणी माझ्या डोक्यावर आलं. खाली उतरल्यावर बाईंनी माझी जात, पगार, खाणंपिणं काहीही न विचारता किल्ली हातात ठेवली. पुढं एकदा मी कारण विचारलं, तर म्हणाल्या, "शिडी हालू दिली न्हाई तुमी. भाडेकरूत आजून काय बघायचं असतंय?"

बाई मूळच्या किल्लारीकडच्या. कॉलेजात प्राचीन इतिहास शिकवून निवृत्त झालेल्या. गल्लीत, बँकेत, भाजीबाजारात सगळे त्यांना नुसतं 'बाई' म्हणत, म्हणून मीही तेच लिहितो. बोलणं असं अस्सल की नवखा माणूस त्यांना प्राध्यापक समजत नसे. मी एकदा भीतभीत म्हणालो, "बाई, तुम्ही वर्गात तर शुद्ध बोलत असाल ना?"

"बोलत होते की. त्याचा पगार मिळायचा. आता फुकटात कशाला बोलू?"

त्यांच्या पर्समध्ये भरदिवसा एक बॅटरी असायची. ती कशासाठी, ते आम्हाला माझ्या गावाकडच्या एका जुन्या देवळात कळलं. त्या देवळात मी लहानपणापासून नारळ फोडत आलेलो. बाहेरच्या भिंतीवरच्या बायकांच्या मूर्ती मी कौतुकानं दाखवायला लागलो, कसे डोळे, कसं हसू. बाईंनी बॅटरी लावली आणि उजेड खाली आणला.

"तोंडाकडं काय बघता? तोंडं समदी एकाच छिन्नीतून निघाल्यात. हातात काय हाय ते बघा."

एकीच्या हातात आरसा होता, एकीच्या कडेवर लेकरू होतं, आणि कोपऱ्यातली एक चक्क काहीतरी लिहीत होती. इतकी वर्षं मी तिच्याच पायाशी शेंड्या सोलत बसायचो आणि वर ती लिहून राहिलीय हे मला ठाऊक नव्हतं.

हातात काय आहे, हे बघायची बाईंना खोडच होती. माझ्या मेव्हण्याच्या लग्नाचा अल्बम आम्ही मोठ्या हौसेनं त्यांच्यापुढं ठेवला. पानं उलटत त्या पुटपुटत गेल्या, "ताट. ताट. गडी मोबाईलवर. ताट. गडी मोबाईलवर. ह्या बाईच्या हातात काही न्हाई, ही कोण?"

"ती नवरी," मी म्हणालो.

"तरीच. उद्यापासून येईल."

लग्नपत्रिकांचं तर विचारू नका. पत्रिका आली की बाई लाल पेन घेऊन बसत. मुलीच्या वडिलांचं, आजोबांचं, मामांचं नाव छापलेलं असे, आईचं नसे. बाई समासात लिहीत, 'मुलीची आई कुठं गेली?' आणि पत्रिका ज्याची त्याला परत. आमच्या गल्लीच्या टोकाचे एक गृहस्थ ह्यावरून भांडायला आले होते. नंतर त्यांच्या धाकटीची पत्रिका आली तेव्हा आईचं नाव सगळ्यात वर होतं. "तुमच्याकडून माघारी आली की दुसरी छापावी लागते," ते गृहस्थ मला म्हणाले.

माझीही दुरुस्ती झाली. मी बायकोला 'आमची ही' म्हणायचो. बाईंनी दोन-तीनदा ऐकून घेतलं, मग एके दिवशी सगळ्यांसमोर विचारलं, "हिचं बारसं झालं न्हाई का? ठिवू का आपण नाव?" तेव्हापासून मी सुनंदाला सुनंदा म्हणतो. सुनंदा मुखेडकडची. तिला सुरुवातीला हे फार अवघड गेलं. तिला वाटायचं मी रागावलोय.

तर अशा ह्या बाईंच्या वरच्या खोलीत ओंकार आणि शीतल आले. दोघंही विष्णुपुरीच्या कॉलेजातून इंजिनिअर झालेले. पुण्याला न जाता इथंच मोबाईलवरचा खेळ बनवायचा, असं त्यांनी ठरवलं होतं. त्या खोलीत त्यांचं ऑफिस. दोन कॉम्प्युटर, एक पंखा. संध्याकाळी दोघं आपापल्या घरी जायचे. तरी शेजारच्या काकूंनी बाईंना अडवून विचारलंच, "पोरगा आन् पोरगी दिवसभर दार लावून काय करून राहिलेत वर?"

"गाव वसवून राहिलेत," बाई म्हणाल्या, आणि पुढं काहीही न सांगता भाजी घेऊन आत गेल्या. काकूंचे दोन आठवडे त्यावर निघाले.

खरं होतं ते. खेळ होता दोन हजार वर्षांपूर्वीचा, गोदावरीकाठचा. खेळणाऱ्यानं एक तरुण व्यापारी व्हायचं, नदीकाठी वस्ती करायची, कापूस पेरायचा, सूत काढून कापड विणायचं, आणि बैलांच्या तांड्याबरोबर मोठ्या बाजारपेठेला न्यायचं. पैसे लातूरच्या एका क्लासवाल्या सरांचे. इतिहास पोरांना खेळातून शिकवायचा, ही त्यांची कल्पना. घरात आयत्या इतिहासाच्या बाई होत्या, म्हणून ओंकारनं त्यांना वर बोलावलं. मीही मागोमाग गेलो. अशा ठिकाणी मला कुणी बोलावत नाही, पण मी जातो.

पडद्यावर गाव दिसलं. कुंभार चाकावर, सुतार रंध्यावर, लोहार भात्यावर. बाईंनी सवयीनं बॅटरी काढली, मग पडद्याला आपलाच उजेड असतो हे लक्षात येऊन परत ठेवली.

"ह्या बाईच्या हातात काय हाय?"

"घागर," ओंकार म्हणाला.

"हिच्या?"

"घागर."

"हिच्या?"

"हिच्या... आरतीचं ताट."

"आन् ही, मोकळ्या हातांची?"

"ती नाचते, बाई."

"एवढ्या घागरी भरून पाणी कुणाला पाजून राहिलात? गावाला आग लागली का?"

शीतल फसकन हसली. चित्रं तीच काढायची, पण कुणाच्या हातात काय द्यायचं ते ओंकार सांगायचा. नाचणारीची कंबर बघून बाई म्हणाल्या, "ही घागर उचलायला गेली तर मधून मोडंल बिचारी." घरांवर बोट ठेवलं की पाटी यायची. 'मालक : कुंभार.' 'मालक : सुतार.' आणि बायकांवर बोट ठेवलं की 'बाई १', 'बाई २', 'बाई ३'.

"बाई हा काय धंदा हाय का रे?" बाईंनी विचारलं. ओंकार त्यांना 'बाई' म्हणतच उत्तर द्यायला गेला आणि मध्येच थांबला.

पोरगा चांगला होता. दोन दिवसांनी उत्साहानं आला. "बाई, जमलं! एका बाईला तलवार दिलीये. घोड्यावर बसवलीये."

"तलवार दिल्याबगर बाई दिसतच न्हाई का रे तुला?"

त्याचा चेहरा पडला. मग बाईंनी त्याला बसवून सांगितलं. लेण्यांच्या भिंतींवर बायकांच्या दानाचे लेख आहेत. कुणी खोली खोदून दिली, कुणी पाण्याचं टाकं. नावासकट. त्या काळचे राजे आईचं नाव लावून मिरवायचे. म्हणजे ह्या बायकांच्या हाती काहीतरी होतं, तेव्हा तर त्या देऊ शकल्या. आणि दुसऱ्याही होत्या, दासी होत्या, विकल्या जाणाऱ्या होत्या. त्याही दाखव. पण तिला 'दासी ४' म्हणू नको, नाव दे.

शीतलनं दुसऱ्या दिवसापासून हात बदलायला घेतले. एकीच्या हाती सूत काढायची चाती आली, एकीच्या हाती विळा, एक हळद-मिरी विकायला बसली आणि तिच्या हाती तराजू आला. एका घरावर पाटी आली, 'मालक : विणकरीण'. मी म्हणालो, व्याकरणाच्या दृष्टीनं 'मालकीण' हवं. बाई म्हणाल्या, "मालकीण म्हणजे मालकाची बायको. ही मालक हाय." मी वर्गात हे अजून शिकवलेलं नाही.

खरा वाद झाला तो म्हातारीवरून.

कापूस पेरायचा तर सरकी लागते. ओंकारच्या खेळात सरकी कोठारातून आपोआप मिळायची. बाई म्हणाल्या, "बी आपोआप कसं मिळंल? बी राखणारी कुणीतरी असती घरात. तिच्याकडं जा, माग. ती विचारंल जमीन कसली हाय, पाणी हाय का. पटलं तर दील. आन् बी असतं त्या खोलीत, खळ्यावर, पायतण घालून जायचं न्हाई. पायतण काढलं न्हाई तर ती तोंड फिरवंल."

"पण बाई, खेळणारा तिथंच अडून बसेल की!"

"बसू दे. माझा आजाबी अडून बसायचा."

"आणि पुरावा? दोन हजार वर्षांपूर्वी बी बाईच राखायची, ह्याला पुरावा काय?"

मला वाटलं, सापडल्या बाई. पण त्या मुळीच गडबडल्या नाहीत.

"पुरावा न्हाई. अंदाज हाय माझा, आन् खेळात तसं लिही, हा अंदाज हाय म्हणून. पण एक सांग, पंधरा घागरी दिल्यास तवा कुणाला पुरावा मागितला व्हतास?"

ओंकारनं म्हातारी घातली.

तिला आवाज पाहिजे होता. खरं तर सगळ्यांनाच पाहिजे होता, आणि पैसे वाचवायचे म्हणून घरच्याच माणसांना वर बोलावलं. खिडक्यांना वाकळा लावून खोली बंद केली. व्यापाऱ्याच्या आवाजासाठी मी घसा खाकरून उभा राहिलो. बाईंनी एक वाक्य ऐकलं आणि म्हणाल्या, "खडू मोडल्यावानी येतो तुमचा आवाज." मला गाढवाचं काम मिळालं. सूत वाहून नेणारं एक गाढव आहे खेळात, ते मी आहे. माझ्या वर्गातल्या पोरांनी ते पहिल्या झटक्यात ओळखलं, ह्यावर मी जास्त काही बोलत नाही.

म्हातारीचे संवाद मात्र मी लिहिले होते, मोठ्या तयारीनं. सुनंदाच्या हाती कागद दिला. तिनं वाचलं, "हे वत्सा, प्रथम पादत्राणे उतरवून ये." आणि ती हसायलाच लागली.

"वत्स म्हणजे वासरू," बाई मला म्हणाल्या. "गोठ्यातून बोलून राहिली का ती?"

"मी म्हणू का?" सुनंदानं कागद बाजूला ठेवला. माईकसमोर बसली, आमच्या सासूबाई दारातल्या माणसाला म्हणत तशी मान किंचित वाकडी केली आणि म्हणाली, "कोण हाय रं? आधी पायतण काढ."

शीतलनं हळूच विचारलं, "परत एकदा घेऊ?" बाई म्हणाल्या, "न्हाई. झालं." आणि वाकळ बाजूला करून बाहेर गेल्या. बाईंना मी कधी असं मध्येच उठून जाताना पाहिलं नव्हतं.

लातूरच्या सरांचे निरोप यायला लागले ते त्यानंतर. आधी आलं की सगळ्या बायकांना पूर्ण बाह्यांचं पोलकं घाला, पालक बघतील. बाई म्हणाल्या, "शिवलेलं पोलकं त्या काळात कुठून आणू? शिंपी पाठवून द्या म्हणावं." मग माझ्याकडं वळून, "एकाला समदं उघडं पाहिजे, दुसऱ्याला समदं झाकून पाहिजे. काम करून राहिलेली बाई दोघांनाबी नको." शेवटी शीतलनं खांद्यावरून उपरणं घेतलं, ते जुन्या शिल्पांत दिसतं, आणि तो वाद मिटला. मग दुसरा निरोप आला : एक राजकन्या घाला, तिला सोडवायचं असेल तर पोरं खेळतील. बाईंनी उलट निरोप धाडला, "कशातून सोडवायची? ती कुठं अडकलीय ते आधी कळवा." मग शेवटचा निरोप आला : ती बियावाली म्हातारी काढून टाका, खेळ अडतो. पुढच्या आठवड्यात क्लासच्या हॉलमध्ये पोरांसमोर खेळ दाखवायचा आहे, तोवर काढा.

ओंकार निरोप घेऊन खाली बाईंकडं आला. सरांचे पैसे बंद झाले तर खेळ बंद. बाई म्हणाल्या, "काढू नको. दाखव तशीच. मी येते संगं."

आम्ही पाचही जण एस.टी.नं निघालो. अहमदपूरला गाडी थांबली तेव्हा चहाच्या टपरीवर मी बाईंना विचारलं, "एवढं कशाला ताणता? एका म्हातारीसाठी पोरांचा धंदा बुडायचा."

बाई चहा फुंकत होत्या. फुंकता फुंकताच बोलल्या.

"भूकंपात आमचं घर पडलं. वडील गेले. मी नांदेडातून पोचले तवा लोक ढिगाऱ्यातून आपापलं काढून राहिले व्हते, कुणी डागदागिने, कुणी भांडी. आई बियाचं मडकं काढून बसली व्हती. पेरणीचे दिवस. मडकं फुटलेलं, म्हणून लुगडं अंथरून त्याच्यावर जवारी पसरली व्हती, राखेसकट. मदतीला आलेला एक मोठा साहेब तिकडून आला, बूट घालून, आन् विचारतो, मालक कुठंत? आईनं वर बघितलं न्हाई. म्हणाली, आधी पायतण काढ."

"मग?"

"काढले की त्यानं. बिचारा मोज्यावर उभा राहिला उन्हात." बाईंनी चहा संपवला. "आमच्या गल्लीनं त्या साली तिच्याच बियावर पेरलं. पुढं गावावर लई जणांनी लिहिलं. कोण मेलं, किती पडलं, कुणी बांधून दिलं, समदं हाय. बी कुणी राखलं ते कुठं न्हाई. मी इतिहासाची बाई, मलाबी कुठं बसवता आलं न्हाई तिला. पुरावा न्हाई ना. आता ह्या पोरांच्या खेळात जागा झालीय. ती मी कुणाला देऊ?"

कंडक्टरनं घंटी मारली. सुनंदानं बाईंच्या हातातला कप घेतला आणि टपरीवर ठेवून आली.

क्लासचा हॉल मोठा होता. खेड्यापाड्यातून येऊन खोली करून राहिलेली पोरं-पोरी खच्चून भरलेली. सर पन्नाशीचे, कडक इस्त्री, चकाकते बूट. त्यांना वाटत होतं म्हातारी काढलीय. ओंकारनं सांगितलं नव्हतं. सर म्हणाले, "आधी मीच खेळून दाखवतो," आणि त्यांनी फोन हातात घेतला. फोनमधलं सगळं भिंतीवर मोठं दिसत होतं.

वस्ती झाली. नांगरट झाली. माझं गाढव ओरडलं, पोरं खूश. मग सरांचा व्यापारी सरकी आणायला निघाला आणि एका घरापाशी आला. आत म्हातारी.

"कोण हाय रं? आधी पायतण काढ." सुनंदाचा आवाज हॉलभर घुमला. माझ्या शेजारी बसलेल्या सुनंदानं पदरानं तोंड झाकलं.

सरांनी भुवई उंचावून ओंकारकडं बघितलं. पण पाचशे डोळ्यांसमोर थांबायचं कसं? त्यांनी व्यापाऱ्याला तसाच आत नेला. म्हातारीनं तोंड फिरवलं. "नंतर ये." व्यापारी बाहेर. सरांनी परत आत नेला. "नंतर ये." परत. "नंतर ये." सर जोरजोरात बोटं मारायला लागले. करायचं इतकंच होतं की उंबऱ्यावर थांबून व्यापाऱ्याच्या पायांवर बोट ठेवायचं. पण ते सुचायला आधी थांबावं लागतं.

मागून, पोरींच्या बाकांवरून एकीचा आवाज आला, "सर, पायतण काढा की!"

मग दुसरी. मग पोरंही. "सर, पायतण! पायतण!"

म्हातारी परत म्हणाली, ह्या वेळी जरा जोरात, "आरं, पायतण काढ आधी!"

आणि सर वाकले. फोन एका हातात तसाच, आणि दुसऱ्या हातानं त्यांनी आपल्या उजव्या बुटाची नाडी ओढली. गाठ सुटली. टाच बाहेर आली. तेव्हा त्यांना कळलं आपण काय करतोय.

हॉल असा हसला की पंखे हलले असतील. सर अर्ध्या बुटात उभे. मीही हसलो. बाई हसल्या नाहीत. त्या उठून उभ्या राहिल्या होत्या आणि सरांच्या पायांकडं एकटक बघत होत्या.

नंतर केबिनमध्ये सर लालबुंद होते. "काढा म्हणून सांगितलं होतं. माझ्याच हॉलमध्ये माझी फजिती केलीत."

"फजिती कसली?" बाई म्हणाल्या. "पोरांनी टाळ्या वाजवल्या तुमाला. त्यांच्या घरीबी हायच की अशी एक म्हातारी. आन् खेळातली म्हातारी राहती. तुमाला दुसरा खेळ करून घ्यायचा तर खुशाल घ्या."

सर वाईट माणूस नव्हते. पाणी प्याले. जरा शांत होऊन म्हणाले, "हे बघा बाई, मी काही तुमचा वैरी नाही. राहू द्या म्हातारी. ते पायतणसुद्धा राहू द्या. एकच करा, आवाज बदला. फारच गावठी येतो. पुण्यामुंबईकडं हा खेळ जायचाय. चांगल्या भाषेतली एखादी ताई बघतो मी, खर्च माझा."

ओंकारनं सुटकेचा श्वास सोडला, मी ऐकला. मलाही वाटलं, जिंकलो. म्हातारी राहिली, पायतण राहिलं, पैसे राहिले. आणि मला गप्प बसता येत नाही. मी म्हणालो, "सरांचं तसं चूक नाही, बाई. प्रमाणभाषेत सगळ्यांना समजेल."

बाईंनी माझ्याकडं असं बघितलं की मला शिडीवरच्या त्या आठवल्या. मग त्यांनी सुनंदाकडं बघितलं. सुनंदा खाली मान घालून बोटातली अंगठी फिरवत होती.

"न्हाई जमायचं," बाई सरांना म्हणाल्या. "म्हातारी ठिवायची आन् तिची जीभ काढून घ्यायची, असं न्हाई जमायचं." आणि त्या केबिनबाहेर चालत्या झाल्या.

आता उरला ओंकार. बाईंचं काय, त्यांना पेन्शन होती. ओंकारचे वडील रोज विचारत, पोरा, नोकरी कधी? तो खुर्चीच्या काठावर बसून राहिला. शीतलनं लॅपटॉप मिटला आणि पिशवीत घातला. त्या आवाजानं तो उठला.

"सर, बाईंना गाडी मिळायची नाही. निघतो आम्ही," तो म्हणाला. एवढंच. माझ्या मते त्या पोरानं केलेलं सगळ्यात मोठं भाषण.

पुढचं आधी सांगून टाकतो. सरांचे पैसे बंद झाले. दोघांनी दुसरी कामं करत करत खेळ पुरा केला, म्हणजे जेवढा झाला तेवढा. बैलांचा तांडा कधी निघालाच नाही. व्यापारी अजून नदीच्या अलीकडंच आहे. पण वस्ती आहे, विणकरीण आहे, मिरी तोलणारी आहे, गाढव तर आहेच. माझ्या शाळेतली पोरं खेळतात आणि म्हातारीच्या दारात अडून बसतात. एका समीक्षकानं मोबाईलवर लिहिलं, 'म्हातारीला ओलांडून जायचं बटण द्या.' बाईंनी ओंकारला उत्तर लिहायला लावलं, 'देणार नाही.' खाली कारण लिहू का, असं त्यानं विचारलं. "कारण कशाला? तुमी घागरींना कारण दिलं व्हतं का?"

बाई आता गावाकडं राहायला गेल्यात. घर आम्हाला आणि ओंकारला भाड्यानं देऊन गेल्या. टाकीचा नळ गळला की मी फोन करतो आणि त्या तिकडून ओरडून सांगतात कुठला पेच कसा आवळायचा.

पण मला सांगायचं होतं ते त्या दिवशीच्या परतीच्या गाडीतलं. बाई पुढच्या बाकावर पर्स मांडीवर धरून, ताठ बसूनच झोपल्या होत्या. ओंकार आणि शीतल मागं. सुनंदा खिडकीशी. लातूर सुटल्यापासून ती माझ्याशी बोलली नव्हती. शेवटी मलाच राहवेना.

"तुझ्या आवाजाला मी वाईट म्हणालो नाही," मी म्हणालो. "भाषेच्या बाजूनं बोललो. माझा विषयच आहे तो. तीच म्हातारी, तेच वाक्य, फक्त जरा शुद्ध असतं, तर बिघडलं काय असतं?"

सुनंदानं खिडकीबाहेरची नजर काढली नाही.

"काही न्हाई," ती म्हणाली. "सर बूट काढायला वाकले नसते."